चौदाशे दिरहमचा बीपर

डोक्यावर पुन्हा केस यायला लागले, तेव्हा उर्मिलाने सगळ्यात आधी बाल्कनीतल्या कपाटातून मासे पकडायची काठी बाहेर काढली.

ती मूळची नाशिकची. घरात समुद्राशी कोणाचाच संबंध नव्हता. दुबईत आल्यावर ती ऊद मेथाच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागली. तिथल्या गणिताच्या शहरबानू टीचरने एका शनिवारी तिला ममझारच्या खाडीवर नेऊन हातात काठी दिली, आणि ते वेड लागलं ते लागलंच. शहरबानू पुढे मुलाकडे कॅनडाला गेली. उर्मिला मात्र कोळंबीचं आमिष आणि फोल्डिंगची खुर्ची घेऊन खाडीकाठच्या दगडांवर जात राहिली. नवरा, सूर्यकांत, एका इन्शुरन्स कंपनीत होता. तो गाडी चालवायचा, पेपर वाचायचा आणि मासा फक्त ताटात ओळखायचा.

मग आजारपण आलं. ऑपरेशन झालं, केमो झाली, रिपोर्ट चांगले आले. पण औषधांनी जाता जाता तिच्या हातापायाच्या बोटांची जाणीव नेली. कुर्त्याचं बटण आरशात बघून लावावं लागे. कप गरम आहे की गार, हे ओठाला लागेपर्यंत कळत नसे. डॉक्टर म्हणाले, "नर्व्हज परत येतात, पण हळूहळू. आणि सगळ्यांच्याच येतात असं नाही."

त्या पहिल्या शनिवारी तिने गळ टाकला, नायलॉनचा दोरा सवयीने तर्जनीवर घेतला आणि वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने रीळ गुंडाळलं, तर गळ रिकामा. पुन्हा आमिष लावलं, पुन्हा रिकामा. खाली मासे निवांत जेवत होते आणि तिच्या बोटाला त्याचा पत्ता नव्हता.

"लाटा आहेत ना आज," सूर्यकांत म्हणाला.

"लाटांमुळे नाही झालं. कशामुळे झालं ते मला माहितीये."

 परतीच्या वाटेवर काठी तिने डिकीत न ठेवता स्वतःजवळ धरली होती.

पुढच्या आठवड्यात सूर्यकांत ऑफिसमधून एक काळा बॉक्स घेऊन आला. आत एक लहान यंत्र होतं. यंत्र स्टँडवर बसवायचं, त्यावर काठी टेकवायची आणि दोरा त्याच्या छोट्याशा चाकावरून न्यायचा. माशाने ओढ दिली की चाक फिरतं, लाल दिवा लागतो आणि बीप वाजतो. शिवाय खिशात ठेवायचा एक रिसीव्हर, दूर असलात तरी वाजणारा.

"केवढ्याला?" उर्मिलाने विचारलं.

"चौदाशे."

"चौदाशे दिरहम? अहो, तेहतीस हजार रुपये! तीस दिरहममध्ये मिळतात असले बीपर."

"तसला मीही बघितला. नुसता ओरडतो. याला सेन्सिटिव्हिटी कमीजास्त करता येते, आवाजही वेगवेगळे आहेत. दुकानदार म्हणाला, एकदा घ्या, खलास."

लेक ईश्वरी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स लिटरली अ बीपर."

पहिल्याच दिवशी त्या बीपरने नको नको केलं. प्रत्येक लाटेला तो वाजला. स्पीडबोट गेली, वाजला. वारा आला, वाजला. रिसीव्हर सूर्यकांतच्या खिशात होता, आणि प्रत्येक आवाजाला तो पेपर फेकून उठत होता. एकदा मात्र काठी खरंच वाकली. उर्मिला उठून पोचायच्या आत त्याने ती उचलली, रीळ गुंडाळलं आणि हातभर लांबीची शेरी मासळी दगडावर आणून आपटली.

"बघ! पैसे वसूल!" तो धापा टाकत हसत होता. "तुझा मासा!"

"माझा कसा? तुम्ही पकडलात."

"काठी तर तुझीच ना?"

उर्मिलाने हात पुढे केला. "रिसीव्हर द्या इकडे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तिला वाईट वाटलं. त्याने हे प्रेमानेच आणलं होतं, हे तिला कळत होतं. पण आजारपणात सगळ्यांनी तिच्यासाठी सगळं केलं होतं. जेवण भरवलं, केस उतरवले, पायात मोजेसुद्धा घातले. हे एक तरी कोणी तिच्यासाठी करायला नको होतं.

वस्तू परत करून टाकावी, असं मनाशी ठरवत ती खुर्चीत बसली असताना एक मुंगी तिच्या हातावर चढली. तर्जनीवरून, पंजावरून चालत गेली. उर्मिला ती नुसती बघत होती. जाणवत काहीच नव्हतं. मुंगी मनगट ओलांडून पुढे गेली आणि एकदम तिला गुदगुल्या झाल्या.

तिने मुंगी झटकली नाही. कोपरापर्यंत जाऊ दिली. मनगटाच्या वर तिला सगळं जाणवत होतं, मुंगीचा पाय न् पाय.

पुढच्या शनिवारी तिने काठी स्टँडवर ठेवली. रीळ आणि यंत्र यांच्या मधला दोरा तिने उजव्या हाताच्या आतल्या बाजूवर, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, हलकासा टेकवला. यंत्राची बटणं इतकी बारीक होती की तिच्या बोटांनी दाबली जाईनात. पेन्सिलच्या टोकाने दाबून तिने सेन्सिटिव्हिटी उतरवली. मग नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही खुर्चीत बसा. काहीही वाजलं तरी उठायचं नाही. उठलात की मी घरी."

"आणि मासा सुटला तर?"

"सुटू दे."

खरं तर सुरुवातीला तिला काहीच उमगलं नाही. दोरा हातावर थरथरायचा, पण सगळा थरथराट सारखाच. मग बीप वाजायचा आणि ती डोळे मिटून हातावर लक्ष द्यायची. आत्ता जे झालं ते काय होतं? लाट असेल तर यंत्र संथ, लांबलांब वाजायचं आणि दोरा हातावर सावकाश जड व्हायचा. खेकडा असेल तर कुरतडल्यासारखं काहीतरी. माशाने टोच मारली की दोन झटके, लागोपाठ, आणि मग क्षणभर सामसूम. मासा काठाकडे पोहत आला की दोरा सैल पडायचा आणि यंत्राचा आवाज बदलायचा. तेव्हा तिच्या हातावरचा भार नाहीसा झालेला असायचा. लॅबमध्ये ती मुलांना सांगायची, आधी रंग बघा, मग नाव शिका. इथे तिने आधी नाव ऐकलं आणि मग हातावर ते शोधलं. यंत्र सांगत गेलं, हात शिकत गेला.

सूर्यकांत खुर्चीत बसून राहायचा. त्याला ते सोपं नव्हतं. बीप झाला की त्याच्या टाचा उचलल्या जायच्या, आणि मग तो स्वतःच्याच मांडीवर हात दाबून धरायचा.

एका सकाळी एक मोठा मासा एकदम पळाला. दोरा तिच्या हातावरून सरसर गेला आणि कातडी कापत गेला. रक्ताची लांब रेघ उमटली. सूर्यकांत खुर्ची उलटवून धावला.

"बस झालं आता, उर्मिला! डॉक्टरांनी सांगितलंय, इन्फेक्शन चालणार नाही. त्या एका माशासाठी?"

"माशासाठी नाही."

"मग कशासाठी?"

ती जखम धुवून घेत होती.  धुताधुताच म्हणाली, "मला लागलं. कापलं तेव्हा मला लगेच लागलं. परवा किचनमध्ये बोट कापलं, तर ओट्यावरचं रक्त बघून कळलं होतं. तुम्हाला नाही कळणार याचं काय वाटतं ते."

 त्याने पट्टी बांधून दिली. उलटलेली खुर्ची सरळ केली आणि तिच्यात जाऊन बसला.

जखम भरेपर्यंत तिने डावा हात वापरला. त्यालाही पहिल्यापासून शिकवावं लागलं. दोरा नुसता टेकवायचा आणि ओढ बसली की कोपर खाली सोडून द्यायचं, ही युक्ती ती तेव्हाच शिकली.

थंडी पडली तशी खाडीवर गर्दी वाढली. असाच एक शनिवार, पाणी शांत. उर्मिलाच्या हातावर दोन झटके बसले आणि तिने काठी उचलली. बीप त्यानंतर वाजला. तिने सूर्यकांतकडे वळून पाहिलं. त्यालाही ते कळलं होतं. मासा छोटाच होता, तिने तो पाण्यात सोडून दिला. पण नंतर पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा. मग तिने पेन्सिलचं टोक घेऊन यंत्र बंद केलं.

आता फक्त पाणी आणि हात. बराच वेळ काही नाही. एक लाट. आणखी एक. मग कुरतडणं: खेकडा, जाऊ दे. मग दोन झटके.

तिने काठी उचलली आणि ती धनुष्यासारखी वाकली. बोटांना रिळाची मूठ धरल्याचं कळत नव्हतं म्हणून ती मुठीकडे बघत, मोजूनमापून गुंडाळत राहिली. मासा दगडांकडे पळाला, तिने वळवला. पुन्हा पळाला, पुन्हा वळवला. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत गेला. शेवटी जाळी तिनेच पाण्यात घातली आणि मासा तिनेच वर घेतला. गळ पकडीने काढला. हमूर होता, चांगला घसघशीत.

सूर्यकांत खुर्चीतच होता. डोळे पुसत होता आणि ऊन लागतंय असं दाखवत होता.

दुपारी घरी मसाला लावताना त्याने विचारलं, "म्हणजे ते चौदाशे वायाच गेले म्हणायचे?"

"वाया कसे? स्वस्तातला लाटेला आणि माशाला एकसारखाच ओरडला असता. मग मी शिकले काय असते?"

"मग आता विकून टाकूया?"

"विकायचा कशाला? पुढच्या शनिवारी तुम्ही बसा त्याच्याजवळ. इतके महिने नुसता पेपर वाचताय."

"मी?" सूर्यकांत म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

पुढच्या शनिवारी तिने त्याला कपाटातली एक जुनी काठी लावून दिली, यंत्र सुरू करून दिलं आणि स्वतः आपली काठी उचलली. दगडी बांधाच्या टोकाला, जिथे प्रवाह जोरात असतो आणि स्टँड रोवायला जागाच नाही, तिथे ती आजारपणानंतर गेली नव्हती. पायाची बोटं अजून सुन्नच होती. एकेका दगडाकडे बघत, पाऊल पूर्ण टेकलं याची खात्री करून मगच ती पुढचं उचलत होती. सूर्यकांतने हात पुढे केला नाही, जपून जा म्हणाला नाही.

ती बांधाच्या मध्यावर पोचली असेल, तोच मागे बीप वाजला.

"उर्मिला! लाट आहे की मासा?"

"तुम्ही सांगा," ती मागे न बघता म्हणाली, आणि पुढच्या दगडावर पाऊल ठेवलं.