मत की खुर्ची

नरेंद्र सक्सेना कुणाचं भलं चिंतील, यावर विनया घारपुरेंचा काडीचा विश्वास नव्हता. एकाच संशोधन संस्थेत इतकी वर्षं काढून ज्यानं कधी धड नमस्कार केला नाही, त्यानं सोमवारी भर बैठकीत त्यांचं नाव सुचवलं, तेही जीवाश्मतज्ज्ञांच्या जागतिक महासभेच्या अध्यक्षपदासाठी! महासभा चार वर्षांनी भरायची, अध्यक्षपद खंडाखंडांत फिरायचं. यंदा पाळी आशियाची, महासभा भरणार त्यांच्याच लखनऊत, आणि आशियाच्या गटानं एकच नाव पाठवलं की निवड बिनविरोध. बाईंनी नुसतं हो म्हणायचं होतं.

"मग म्हण की हो," वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरी त्यांचे यजमान चंद्रहास भेंडी चिरत म्हणाले. "पेपरात फोटो तरी येईल यार."

"तो माणूस फुकट पाणीसुद्धा पाजत नाही. यात काहीतरी काळंबेरं आहे."

त्यांनी नियमावली काढली आणि काळंबेरं अकराव्या कलमात सापडलं. अध्यक्षाला मत नाही. ठरावावर बोलायचंही नाही. त्याच्या देशाचं मत पर्यायी प्रतिनिधी देणार. भारताच्या प्रतिनिधी स्वतः बाई, आणि पर्यायी प्रतिनिधी कोण? सक्सेना!

आता सगळं लख्ख दिसलं. महासभेपुढे बाईंचाच ठराव होता: जीवाश्म ज्या देशात सापडला, मूळ नमुना त्याच देशात राहावा. त्यांना चंद्रपूरजवळ सापडलेलं अश्मीभूत पान परदेशातल्या एका संग्रहालयात पडून होतं आणि ते बघायला त्यांनाच व्हिसा काढावा लागे. सक्सेनांचे निम्मे शोधनिबंध त्याच संग्रहालयाबरोबरचे. बाईंना खुर्चीत बसवून तोंड बंद करायचं आणि भारताचंच मत विरोधात टाकायचं. काय डोकं आहे, असं त्यांना रागातही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या तडक सक्सेनांच्या खोलीत गेल्या. "मुझे चेअर नहीं चाहिए. मैं अपना वोट नहीं छोड़ूंगी."

सक्सेनांचा चेहरा पडला. "मॅडम, एक बार सोच लीजिए."

"सोच लिया."

तो पडलेला चेहरा बघून बाईंची खात्रीच पटली.

गटानं दुसरं नाव पाठवलं, एका सौम्य, म्हाताऱ्या गृहस्थांचं. शेवटच्या दिवशी बाईंचा ठराव आला आणि मोठ्या संग्रहालयांच्या देशांचे प्रतिनिधी बोलू लागले. दुरुस्त्या आल्या, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या आल्या. चर्चा आवरून मतदान पुकारायचा अधिकार एकट्या अध्यक्षाचा, आणि त्या भिडस्त गृहस्थांनी कुणालाच थांबवलं नाही. सहा वाजले, महासभा संपली. ठराव चार वर्षं पुढे गेला आणि बाई दोन वर्षांनी निवृत्त होणार होत्या. जपून ठेवलेलं मत द्यायची वेळच आली नाही.

सभागृह रिकामं झाल्यावर सक्सेना जवळ आले.

"हर बार यही करते हैं ये लोग. बोल-बोलकर वक्त निकाल देते हैं. मैंने सोचा था, चेअर पर आप होंगी तो इन्हें चुप करा देंगी."

"और वोट?" बाईंनी विचारलं.

सक्सेनांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. पर्यायी प्रतिनिधी म्हणून ठरावाच्या बाजूनं करायचं भाषण होतं. पहिलंच वाक्य चंद्रपूरच्या पानाबद्दल होतं.

"तो आपने बताया क्यों नहीं?"

"होनेवाली अध्यक्ष से पहले ही बात कर लेता, तो यही लोग मिलीभगत कहते." सक्सेना जायला वळले. "और मॅडम, आप उस दिन पहली बार मेरे कमरे में आई थीं. पूछ लेतीं, तो झूठ थोड़े ही बोलता."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.