लेथ विकणे आहे, अट एकच

निवृत्तीनंतर माणसाने अध्यात्माकडे वळावं; मी लेथकडे वळलो. "त्यावर करणार काय?" एवढंच बायकोने विचारलं. "काहीही करता येतं," मी म्हणालो. "म्हणजे काहीच नाही," असं म्हणून तिने माझ्याबरोबर आपला भाऊ धाडला.

मेहुणा चाळीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. पहिलं मशीन निवडताना रंगाला भुलायचं नाही, झीज बघायची, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्यापायी आम्ही चार मशीनं नाकारून बसलो होतो. पाचवं एका घराच्या मागच्या खोलीत होतं.

मालकीणबाई सत्तरीच्या, यजमानांना जाऊन सहा महिने झालेले. किंमत त्यांनी इतकी कमी सांगितली की मेहुण्याला माल चोरीचा वाटू लागला.

"अट एकच," बाई म्हणाल्या. "मशीन बघून कळतं म्हणे, त्यावर काय काम झालंय ते. तेवढं मला सांगा. अकरा वर्षं रोज संध्याकाळी हे दार लावून बसायचे. मशीनचा आवाज यायचा, म्हणून मी कधी हाक मारली नाही. पण यांनी केलेली एक वस्तू घरात सापडत नाही हो. साधी कडीसुद्धा नाही."

"त्यात काय, ताई! लेथ म्हणजे एक नंबरचं चहाडखोर. सगळं सांगतं."

मेहुण्याने चक, म्हणजे लोखंड पकडून फिरणारा जबडा, हाताने फिरवून कान लावला. "बेअरिंग घासलीत. भरपूर चाललंय." बाईंचा चेहरा उजळला. मग ज्या लांब पट्ट्यांवरून हत्याराची गाडी सरकते, त्यांवर त्याने अंगठ्याचं नख फिरवलं. वापरलेल्या मशीनच्या पट्ट्या चकजवळ हमखास खोलगट होतात, कारण सगळं काम तिथेच चालतं. इथे नख कुठे अडकेना. त्याने गाडी मागे सारली, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टेकेल इतका वाकला.

"भावजी, लॉटरी!" तो ओरडला. "कोरं करकरीत! कारखान्यातल्या रेघासुद्धा पुसल्या नाहीत. नुसती मोटर फिरलीये. हत्यार लोखंडाला एकदाही लागलेलं नाही!"

आपण काय बोलून बसलो, ते त्याला जरा उशिराच कळलं.

मी सावरायला गेलो. "तसं नाही, ताई. बारीक कामं केली असतील. घड्याळाचे भाग वगैरे. त्याने झीज होत नाही." मेहुण्याने मान डोलावली. लोखंडाबद्दल तो जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलत होता, तेही मानेने.

"राहू दे, भाऊ. शेजारचे फिटर यायचे, तर त्यांच्या मागोमाग फरशीभर लोखंडाचा कीस. यांच्या चपला मात्र स्वच्छ. मी रोज पालथ्या करून बघायचे. वाटलं, तुम्ही तरी काही वेगळं सांगाल."

बाईंनी पदराने मशीनची कड पुसली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"मुलगा गेला, त्याच्या दुसऱ्या महिन्यात आणलं हे. मला बरं वाटलं. म्हटलं, कशात तरी जीव रमवतायत. मी रडायला लागले की म्हणायचे, 'पुरे आता. मला बघ, मी रडतोय का?' राग यायचा हो. दगड म्हणायचे मी त्यांना. तोंडावर."

बाई मशीनच्या कडेने हात फिरवत बटण शोधू लागल्या.

"चालू कुठून होतं?"

मेहुण्याने बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या.

"जरा बाहेर थांबता? दार ओढून घ्या."

बाहेर बोळात आम्ही दोघं उभे. नुसत्या आवाजावरून बेल्ट सैल आहे की घट्ट ते सांगणारा माझा मेहुणा दाराकडे पाठ करून विजेचा मीटर वाचत होता.

"भावजी, हे आपल्याला नको."

"नकोच."

"मग सांगून निघू या?"

"सांग तू."

त्याने हात दारापर्यंत नेला आणि खिशात घातला. आत मशीन चालूच होतं.