आठ हजाराव्या वर्षी

माझा तेजोमेघ आठ हजाराव्या वर्षी मरत होता, आणि शुक्रवारी सरांना तो जिवंत दाखवायचा होता. नाहीतर प्रबंधातलं ते प्रकरणच काढायचं, असं ठरलेलं.

मोठा तारा फुटला की त्याचं कवच बाहेर पसरत जातं. मधे उरलेला इवलासा तारा गरागरा फिरत आत गरम वायूचा फुगा फुगवत राहतो. मग कवचातून दाबाची लाट उलटी आत येते आणि फुगा चेपते. आकाशातला खरा फुगा चेपून पुन्हा फुगला होता. माझ्या संगणकातला मात्र चेपतच जायचा, शेवटी नुसतं टिंब. सहा महिने मी त्या बिचाऱ्या ताऱ्यावरच संशय घेत होते.

गुरुवारी दुपारी बाबा डबा घेऊन विभागात आले. त्यांचं टायरचं दुकान आहे.

"एवढंसं तोंड का गं?"

"तुम्हाला नाही कळणार, बाबा."

बोलून गेले आणि स्वतःचाच राग आला. प्रायश्चित्त म्हणून पडद्यावरचे आलेख दाखवत सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ट्यूब आत, टायर बाहेर. आणि टायर वाढतोय?"

"हजारो वर्षं."

"मग त्यातली हवा सैल पडायला नको? तुझी ही बाहेरच्या दाबाची रेघ तर सरळच चाललीय."

मी प्रोग्राममधली ती ओळ उघडली. बाहेरचा दाब मी सुरुवातीला तात्पुरता म्हणून कायम ठेवला होता. शेजारी माझाच शेरा होता, 'नंतर बदलणे'. काखेत कळसा!

दाब कवचाबरोबर उतरता केला आणि गणित पुन्हा चालवलं. आठ हजार वर्षं झाली, फुगा आक्रसला. बाबा डबा छातीशी धरून उभे. साडेआठ हजार. फुग्याची रेघ वर वळली.

"उठला गं!" बाबा एवढ्यानं ओरडले की शेजारच्या खोलीतले धावत आले.

शुक्रवारी सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. "चूक कुणी पकडली?"

"दाबाचे तज्ज्ञ आहेत, सर. तीस वर्षांचा अनुभव."

प्रकरण राहिलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, "तुम्हाला कळणार नाही, असं पुन्हा कधी म्हणणार नाही."

"म्हण की," बाबा हात पुसत म्हणाले. "तो तारा मुळात फुटतो कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. बस, पहिल्यापासून सांग."

मी बसले.