नीलूचं पोट आणि रेडिओतलं भूत

शुक्रवार पेठेत सिद्धाराम कापडवाल्याच्या घरी त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. उंबऱ्यावर बाया, खिडकीच्या गजांना लोंबकळलेली पोरं, आणि सोप्यात मधोमध पाटावर हळदकुंकवानं माखलेला रेडिओ. त्याच्यासमोर गुरुलिंग महाराज. दुधनीकडून आलेले, कपाळभर राख, अंगाला शिळ्या तेलाचा वास.

रेडिओ बरेच दिवस मुका होता. कळ फिरवली की आतला दिवा पिवळट लागे, घूंऽ असा आवाज येई आणि बस्स. दुरुस्तीच्या दुकानात नेला तर तिथं घडाघडा बोलला. घरी आणला की पुन्हा मुका. "यंत्रात काही दोष नाही," असं सांगून दुकानदारानं हात जोडले. मग दोष कुणात? महाराजांना तेवढी फट पुरली.

"ह्याच्या पोटात पाच दिवे हायत. पाच दिवे म्हंजे पंचप्राण! त्यावर बसलंय ते," महाराज गरजले आणि कडुलिंबाची डहाळी उगारली. "यार नी? होरगे बा!"

कोण तू, बाहेर ये, हे त्यांनी कानडीत का विचारलं कोण जाणे. मुक्या भुताची मातृभाषा त्यांना बरी ठाऊक. झोडपलं, नारळ ओवाळला, फूत्कार सोडले, पुन्हा झोडपलं. बऱ्याच वेळानं एकाएकी आतला दिवा झळाळला, पेटीनं घसा खाकरला आणि खणखणीत आवाज आला, "...ज्वारी मालदांडी, आवक साधारण..."

"महाराज की जय!" सोपा दणाणला. शेजारची नागव्वा तर आडवीच पडली पायांवर. भुतानं जाता जाता बाजारभाव का सांगावेत, हे कुणाच्या मनात आलं नाही.

"आज हाकललं," महाराज घाम पुसत म्हणाले. "पन मूळ पेटीत न्हाय. मूळ हितं हाय."

त्यांचं बोट सिद्धारामच्या बायकोच्या, दाक्षायणीच्या मांडीवर गेलं. तिथं तिची पाच महिन्यांची नीलू झोपेतून उठून डोळे चोळत होती.

"ही जन्मली आन् पेटी बसली. व्हय का न्हाय, शिवबाई? पेटी कुटली? हिच्या आजोळची, मंद्रूपची. तितलंच हाय ते. पेटीतनं उठतंय, पोरीच्या पोटात निजतंय. बेंबीभवती डाग द्यावा लागंल. परवा अमावस्या हाय, सळई तापवून ठिवा."

तंबाखूनं पिवळं पडलेलं नख त्यांनी नीलूच्या पोटात रुतवलं. नीलू हसली. तिला वाटलं, गुदगुल्या. दाक्षायणीनं लेकीला पदराखाली ओढलं आणि ती जागा पुसून काढली, एकदा, पुन्हा एकदा.

महाराज दूध पिऊन गेले, आणि रेडिओ पुन्हा मुका झाला.

"बघ," सासूबाई, शिवबाई, म्हणाल्या, "ते गेले की आलं परत."

जेवताना दाक्षायणीनं नवऱ्याकडे विषय काढला. सिद्धाराम माणूस मऊ, आईपुढे तर लोणीच.

"अगं, एवढासा डाग. मलाही लहानपणी दिलाय की."

"मग तुमचं भूत गेलं का?"

"माझ्यात भूत कुठलं? पोटदुखी होती."

"ती गेली?"

सिद्धारामनं घास गिळला. "ती डॉक्टरच्या औषधानं गेली."

"पाच महिन्यांचं पोट आहे हो ते! माझं नख लागलं तरी लाल होतं. त्यावर सळई?"

तो उठून हात धुवायला गेला. आईला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या तशी दाक्षायणी रेडिओसमोर बसली. ती मॅट्रिक झालेली. शास्त्राच्या तासाला बाईंनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती, एका वेळी एकच वस्तू बदला आणि बघा. तिनं आधी प्लग काढून दुसऱ्या जागी लावला. तोच घूंऽ. एरियलची तार सोडून घट्ट बांधली. तोच घूंऽ. मग प्लग उपसून, मागचा पुठ्ठा काढून एकेक काचेचा दिवा अलगद दाबून बसवला. नीलूची दुपटी बदलताना हात जसा हलका ठेवावा लागतो, तसा. प्लग लावला, कळ फिरवली. घूंऽ.

पाळण्यात नीलू गाढ झोपली होती. मागच्या बोळातले यंत्रमाग खटाखट चालू होते. या पोरीची तऱ्हाच उलटी होती. मागांच्या आवाजात झोपायची आणि ते थांबले की दचकून उठायची.

जेवणाची सुट्टी झाली. माग थांबले. नीलूनं ओठ काढले आणि दाक्षायणी पाळण्याकडे धावली. तोच तिच्या पाठीमागं कुणीतरी गाऊ लागलं.

रेडिओ! कुणी हात लावला नव्हता. ना लिंब, ना नारळ, ना कानडी.

तिनं वर बघितलं. अंधाऱ्या सोप्यातला बल्ब, एरवी आजाऱ्यासारखा पिवळा, पांढराशुभ्र झाला होता. ती लेकीला खांद्यावर थोपटत तिथंच उभी राहिली. सुट्टी संपली, माग सुरू झाले, बल्ब पिवळा पडला, गाणं घशातच विरलं, आणि नीलूनं तिच्या मानेशी तोंड खुपसून डोळे मिटले.

मागच्या बोळातला नवा कारखाना नीलूच्या बारशाच्या सुमारास सुरू झाला होता. आणि महाराज? काल संध्याकाळी चहाच्या सुट्टीआधी आले आणि एक कान बोळाकडे लावून माग थांबेपर्यंत डहाळी हाणत राहिले. दाक्षायणीला हसू आलं नाही. किळस आली. या माणसाला पुरतं ठाऊक होतं, पोरीच्या पोटात काही नाही. ठाऊक असून तो सळई तापवायला सांगत होता.

तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं.

"म्हंजे भूत बी मागवाल्यांसंगं सुट्टी घेतंय म्हन की," शिवबाई म्हणाल्या. "लई शानी झालीस."

बोलून भागणार नव्हतं. ती नीलूला कडेवर घेऊन कारखान्यात नरसय्याकडे गेली. मालक तेलुगू माणूस, मराठी मोडकं, पण मन सरळ.

"अय्यो, आमचा मोटार भूत झाला काय?" त्यानं कपाळावर हात मारला. "सांगा अम्मा, काय करू?"

"उद्या संध्याकाळची सुट्टी मी हाक मारल्यावर द्या. एवढंच."

अमावस्येला गर्दी दुप्पट झाली. शेगडीत सळई लाल झाली होती. महाराजांनी डहाळी उचलली. "यार नी? होरगे बा!" माग खटाखट चालूच. महाराजांनी झोडपलं, नारळ ओवाळला, पुन्हा झोडपलं. डहाळीची पानं गळून काडी उरली. घसा बसला. नजर सारखी मागच्या खिडकीकडे. रेडिओ आपला घूंऽ.

"आज... आज लई दांडगं हाय," ते धापा टाकत म्हणाले. "आधी पोरगी आना. डाग दिला की बोलंल."

शिवबाईंनी हात पुढे केले. दाक्षायणी मागं सरली. "थांबा आत्याबाई. महाराजांचं झालं, आता माझं बघा." आणि खिडकीतून ओरडली, "नरसय्यामामा, द्या सुट्टी!"

माग थांबले. बल्ब लख्ख झाला. खांद्यावरची नीलू दचकून रडायला लागली आणि रेडिओतून सनई घुमली.

बायांच्या माना रेडिओकडून बल्बकडे वळल्या.

"मामा, करा सुरू!" खटाखट. बल्ब पिवळा, सनई बंद. "पुन्हा थांबवा!" सनई सुरू.

"सकाळी साऱ्या गल्लीनं नळ सोडले की माडीवर पाण्याची धार राहते का?" दाक्षायणी म्हणाली. "तसंच हे. मागांच्या मोटारी वीज ओढतात, आपल्या वाट्याला करवंटीभर उरते. बल्ब कसाबसा जळतो, रेडिओला पुरत नाही. दुकानात वीज पुरती होती, तिथं तो बोलला. यात माझ्या नीलूचा काय गुन्हा?"

"देवाची चेष्टा करतीस?" महाराज ओरडले, पण उठून चपला शोधायला लागले होते.

सिद्धाराम उठला. चिमट्यानं सळई उचलली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं. "आई," तो म्हणाला, "माझ्या पोरीला कुणी हात लावायचा नाही."

शिवबाईंनी तोंडाला पदर लावला. महाराज दाराशी पोचले, तेव्हा नागव्वा आडवी उभी होती. तिनं आपल्या पोराचा सदरा वर केला. बेंबीभवती महाराजांनीच दिलेले चार डाग, सुरकुतलेले, चकाकणारे.

"ह्याला काय झालंतं वो, महाराज?" तिचा आवाज चढला नाही. "आमच्या घरात तर रेडिओबी न्हाय."

महाराज तिच्या बगलेतून निसटून गेले. तिला उत्तर मिळालं नाही.

बायांनो, ते उत्तर आपणच द्यायचं आहे. बंद पडलेली वस्तू असो की रडणारं मूल, कारण शोधा. वस्तू जाणकाराकडे न्या, मूल डॉक्टरकडे. आणि कुणी सळई तापवा म्हणाला, तर त्याला आधी त्याचा स्वतःचा सदरा वर करायला सांगा.