सासऱ्यांचा प्रोसेसर

एकतीस वर्षं बस चालवून सासरे निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी हात टेकले. माणूस घरात रमेना. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या एकेका ड्रायव्हरच्या चुका काढायच्या, आणि ऐकायला कोणी नसलं की स्वयंपाकघरात जाऊन त्या सासूबाईंना सांगायच्या, हा दिवसभराचा उद्योग. अशात शेजारच्या कुणीतरी त्यांना बस चालवायचा एक गेम दाखवला. स्टिअरिंग, आरसे, थांबे, थांब्यावर ताटकळलेले प्रवासी, सगळं हुबेहूब. पुढच्या रविवारी सासऱ्यांनी जावयाला बोलावून घेतलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मला बस पाहिजे."

जावई एका छापखान्यात संगणकावर पानं लावायचं काम करायचा. एकदा त्याने सासरचा प्रिंटर चालू करून दिला होता, तेव्हापासून त्या घरात वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की त्याचंच नाव निघे. पण यावेळी त्यांनी विचारलेलं त्याला खरोखर कळत होतं. तो स्वतः रोज संध्याकाळी दोन मित्रांबरोबर गोळीबाराचे गेम खेळायचा आणि कुठला भाग कशाला लागतो हे त्याला तोंडपाठ होतं.

मेहुण्याने नोकरीसाठी दुसरीकडे जाताना मागे टाकलेला संगणक त्याने उघडला. आत इतकी धूळ होती, की मेथी पेरली असती तर उगवली असती. डबा, पॉवर सप्लाय आणि स्क्रीन ठेवण्याजोगे होते. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर नवे घ्यावे लागणार होते. ग्राफिक्स कार्ड जुनं घेतलं तरी चालणार होतं.

"म्हणजे बॉडी तीच, इंजिन नवं," सासरे म्हणाले.

जावयाला ते फार आवडलं. त्याने अगदी मनापासून समजावलं, की अशा गेममध्ये रस्त्यावरची प्रत्येक गाडी, प्रत्येक चालता माणूस यांचा हिशेब प्रोसेसर करतो. गर्दी वाढली की त्याच्यावर ताण येतो. तेव्हा बाकी कुठेही हात आखडता घेऊ, प्रोसेसर मात्र सहा कोरचाच घेऊ, जितके कोर तितका जोर. सासऱ्यांनी कपाटातून पाकीट काढून त्याच्या हातावर ठेवलं. मोजून घ्या असंही म्हणाले नाहीत आणि पावती आणा असंही नाही.

जावयाने दोन दिवस दुकानं पालथी घातली आणि दिलेल्या पैशांत सगळं बसवलं, टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडलसुद्धा. शनिवारी दुपारी बायको कामावर गेली होती. जेवणाच्या टेबलावर तो सासऱ्यांचा संगणक जोडायला बसला. शेजारीच त्याचा स्वतःचा संगणक होता. त्याचा मदरबोर्ड त्याच जातीचा, प्रोसेसर मात्र जुना, चार कोरचा. नवा प्रोसेसर आपल्यात बसतो हे त्याला ठाऊक होतं. चालतो की नाही ते बघू तरी, म्हणून त्याने तो आपल्या संगणकात बसवला आणि अर्धा तास खेळला. इतका सुरळीत गेम त्याने आयुष्यात खेळला नव्हता.

मग तो काढावासा वाटेना. सासरे ताशी चाळीसच्या वर जाणार नाहीत, त्याने मनाशी म्हटलं. त्यांना काय फरक कळणार आहे? त्याने आपल्या जुन्या प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी सुकलेली पेस्ट कापसाने पुसली, नवी लावली आणि तो सासऱ्यांच्या मदरबोर्डवर बसवून वरून पंखा आवळून टाकला. नव्याचं रिकामं खोकं मात्र सासऱ्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं, आल्यागेल्याला दिसेल असं.

पहिला आठवडा मजेत गेला. सासरे भांग पाडून, शर्ट खोचून बस चालवायला बसत. संध्याकाळी फोन येई, की आज अकरा थांबे घेतले, एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. नंतर फोन येईनासे झाले. जावयाने विचारलंही नाही. तो खेळत होता.

तिसऱ्या आठवड्यात बायको माहेरी जाऊन आली आणि चपला काढता काढताच तिने सांगितलं, की बाबांनी स्कूटर विकली.

"का?"

"हात गेले म्हणतात." ती तिथेच खुर्चीत बसली. "त्या गेममध्ये बाजारच्या चौकात त्यांचा ब्रेक उशिरा लागतो. तीनदा माणसं उडवली. म्हणाले, खेळात कळलं ते बरं झालं, रस्त्यावर कळलं असतं तर काय केलं असतं? सकाळी आईला वरून फूटपट्टी सोडायला लावतात आणि ती पडताना चिमटीत पकडून बघतात, हात किती चटकन चालतो ते." मग ती म्हणाली, "तू त्यांना ते जोडून दिलंस, उपकारच म्हणायचे."

चौकात काय होत असणार हे जावयाला लख्ख दिसत होतं. गाड्या आणि माणसं वाढली की तो जुना प्रोसेसर धापा टाकत असणार, चित्र क्षणभर अडकत असणार, आणि पायाने वेळेवर दाबलेला ब्रेक पडद्यावर उशिरा पोचत असणार. तेव्हाच सांगता आलं असतं. बायको समोर बसली होती. तो म्हणाला, उद्या जाऊन बघून येतो, धूळबीळ झाली असेल.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो सासरी गेला. सहा कोरचा प्रोसेसर प्लॅस्टिकच्या डबीत घालून त्याने खिशात ठेवला होता. संगणकावर जुनी चादर टाकलेली होती. सासरे चष्मा लावून पेपर वाचत होते. नेहमीसारखे उठून पुढे आले नाहीत, पण त्याने डबा उघडलेला पाहताच स्टूल घेऊन शेजारी बसले आणि एकेक स्क्रू तळहातावर घेऊ लागले. डेपोत मेकॅनिकजवळ बसायची सवय. त्यांच्या डोळ्यांदेखत जावयाने खिशातली डबी काढली.

"हा कुठला?"

"तपासायला नेला होता," जावई म्हणाला. कधी नेला होता ते त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे त्याला आणखीच कानकोंडं झालं.

संगणक सुरू झाला. सासरे नको म्हणत होते, पण जावयाच्या आग्रहाने बसले. डेपोतून बस निघाली, पूल ओलांडला, बाजारच्या चौकात शिरली. एक बाई पिशवी घेऊन अचानक आडवी आली. ब्रेक लागला. बस तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. सासऱ्यांनी वळसा घालून पुन्हा तोच चौक घेतला. मग तिसऱ्यांदा घेतला. मग थांब्यावर बस लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"गाडी बदलली," ते म्हणाले. "ड्रायव्हर तोच आहे."

जावयाने बरंच काही ठरवून ठेवलं होतं. ते सगळं त्याने सोडून दिलं.

"बाबा, तुमचा प्रोसेसर मी माझ्या संगणकात घातला होता," तो म्हणाला. "तुम्हाला माझा जुना दिला. पहिल्या दिवसापासून."

सासूबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी कप ठेवला आणि त्या आत गेल्या.

"मागितला असता तर दिला असता," सासरे म्हणाले. "तीस किलोमीटरने चाललो असतो, मला काय. पण दोन आठवडे मी सकाळी उठून हात बघत होतो, जावईबापू. सांगून दिलं असतंत तर गाडीला दोष दिला असता."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं जावयाला वाटत राहिलं.

स्कूटर परत आणतो म्हणून तो तिथूनच ती विकत घेतलेल्या डेअरीवाल्याकडे गेला. डेअरीवाला भला माणूस होता, पण त्याची मुलगी आता त्या स्कूटरवरून कॉलेजला जात होती आणि तिने पुढे टोपलीही बसवून घेतली होती. जास्त पैसे देऊ केल्यावर तो उलट ओशाळला. जावई हात हलवत परत आला. सासरे म्हणाले, राहू द्या, पायांना चालणं बरं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि मी तुझे उपकार मानले." त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. जुना प्रोसेसर पुन्हा त्याच्या संगणकात आला. मित्र बोलावत राहिले, पण खेळायला बसलं की चित्र जिथे अडकेल तिथे त्याला पट्टी पकडणारी चिमूट दिसे. त्याने बोलावणी टाळली.

सासरे मात्र पुन्हा बस चालवू लागले. एका रविवारी जावई तिथे असताना वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. त्यांना मुलीसाठी संगणक सुधारून घ्यायचा होता, थोडक्या पैशांत. कुठले भाग घ्यावेत, काही कळत नव्हतं.

"यांना विचारा," सासरे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "भाग यांना चांगले कळतात. फक्त खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा."

गृहस्थ हसले. त्यांना ती गंमत वाटली. जावयाने कागद घेतला आणि सगळ्यात वर प्रोसेसरचं नाव लिहिलं. पुढच्या शनिवारी त्याने त्यांच्या घरी जाऊन, बाप आणि मुलगी दोघांना जवळ बसवून, खोक्यावरची चिकटपट्टी त्या मुलीच्याच हाताने काढवली.