रमण बडगुजरची हजेरी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, अमळनेरच्या कॉलेजात खोली क्रमांक सातमध्ये एकोणऐंशी सालच्या बीएस्सीच्या वर्गाची हजेरी होते. हजेरी घेणारे कोठावदे सर वारले त्याला तेवीस वर्षं झाली, पण ते वेळेवर येतात.

हजेरी देताना एका दमात घरची बातमीही सांगायची असते.

— रोल नंबर अकरा.
— हजर सर. दोन्ही गुडघे बदलले. मुलगी पुण्यात, जावई बरा आहे.

— रोल नंबर एकोणीस.
— हजर सर. नातू झाला. बायको गेली.
— आधी काय झालं?
— नातू, सर.

सर लिहून घेतात. लागोपाठ तिसऱ्यांदा गैरहजर राहिलं की नावावर रेघ मारतात. मग घरच्यांना त्या माणसाचा विसर पडतो. वामन भावसारच्या मुलानं त्याची खोली भाड्यानं दिली, तेव्हा वामन आत पेपर वाचत बसला होता.

रमण बडगुजर, रोल नंबर एकतीस, दोनदा आला नव्हता. आजही त्याची जागा रिकामी होती. शेजारी वसंत नेरकर बसला होता, रोल नंबर बत्तीस. कॉलेजची तिन्ही वर्षं वसंता मंदाबरोबर बोरी नदीच्या काठानं फिरायचा आणि त्याची हजेरी रमण द्यायचा.

— रोल नंबर एकतीस.

वसंतानं आवाज जाड केला.

— हजर सर. नाशकात मुलाकडे असतो. हृदयात दोन स्टेंट टाकल्या. सून जीव लावते.

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. "जमलं रे वसंता!"

— रोल नंबर बत्तीस.
— हजर सर.

आवाज जाडच निघाला. वसंता खाकरला, पुन्हा म्हणाला. तोच आवाज.

— एकदाच बोल, बडगुजर.

सरांनी बत्तीससमोर गैरहजेरी मांडली.

फाटकाशी रमणची सून तृप्ती गाडी घेऊन उभी होती. तिनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली.

"नाना, दहाची गोळी अकराला घेताय. डॉक्टरांना मी काय सांगू?"

"मी नेरकर आहे, बेटा."

"बरं. आधी गोळी घ्या."

त्यानं घेतली. छातीत दोन ठिकाणी थोडं गार वाटलं.

"मला नेरकरांकडे सोड," तो म्हणाला. "दहा मिनिटं."

"दहाच हं नाना. नाशिक लांब आहे."

वसंतानं नेहमीसारखी आधी डावी चप्पल काढली, मग उजवी, आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवली. मंदानं दार उघडलं.

"अगंबाई, भाऊजी! या ना. किती वाळलात हो! हे येतीलच इतक्यात."

"मंदा, मीच आहे गं."

"म्हणजे काय, आवाजावरूनच ओळखलं." ती हसली. "बसा, चहा टाकते."

तो पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता. तिथून घर लांबट दिसत होतं. चहात साखर होती. वसंताला सहा वर्षांपासून साखर बंद होती.

"वसंता कसा आहे?" त्यानं विचारलं.

मंदानं बाहेर बघून घेतलं.

"खरं सांगू भाऊजी? रिटायर झाल्यापासून पाच शब्द बोलत नाहीत. मी मुद्दाम मीठ जास्त टाकते, निदान ओरडतील म्हणून. गुपचूप खातात. सांगू नका हं त्यांना."

"नाही सांगणार," वसंता म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं. मीठ रोज कळतं, एवढंच. तोंड उघडलं तर रमणचा जाड आवाज म्हणाला, "चहा फक्कड झालाय वहिनी."

बाहेर तृप्तीनं हॉर्न दिला.

"थांबा ना," मंदा म्हणाली. "भेटल्याशिवाय गेलात तर हे मलाच बोलतील."

"बोलतील?"

"नाही बोलणार म्हणा."

जिन्यात पावलं वाजली. मंदा झटकन उठली, आरशात न बघता केस मागे सारले, पदर नीट केला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. तो नेहमी दाराच्या पलीकडे असायचा, त्यामुळे हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"आले हे," ती म्हणाली.

वसंता हातात कप घेऊन उभा राहिला. बाहेर कुणी तरी आधी डावी चप्पल काढली, मग उजवी.