पाठ केलेला तक्ता

शाळेची बस चालवणारे बाबा नजरेचा दाखला दरवर्षी दुसरीकडून आणायचे. यंदा ते सरळ लेकीच्या चष्म्याच्या दुकानात आले. नजर तपासायचं काम तिथे तीच करायची.

"घरचं माणूस असताना परक्याच्या दारात कशाला जायचं?" म्हणत ते खुर्चीत बसले.

एक डोळा झाकून त्यांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. तक्ता तिने कालच बदलला होता, बाबा म्हणत होते तो जुना. तिला डबा द्यायला येऊन ते तासन्‌तास त्याच्यासमोर का बसायचे, ते तिला आत्ता कळलं.

तिने यंत्रातून पाहिलं. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने निभावलं असतं; इथे डोळ्यांचे पडदेच झिजले होते.

"कर सही. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत," बाबा म्हणाले.

काहीतरी सबब सांगून ती मागच्या खोलीत गेली. परदेशातून आलेली सहकारीण तिथे काचा घासत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडे बापाला तोंडावर नाही म्हणतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात."

"आमच्याकडे जीभच टाळ्याला चिकटते." स्वतःचं लग्न ठरवल्याचंसुद्धा तिने आईकरवी कळवलं होतं.

"बसमध्ये मुलं किती?"

"बेचाळीस."

लेक बाहेर आली, दाखल्यावर लिहिलं आणि कागद पुढे केला. बाबांनी तो लांब धरला, मग नाकाजवळ आणला.

"काय लिहिलंस?"

म्हणजे आता तोंडाने सांगणं आलंच. "बस चालवता येणार नाही असं लिहिलंय, बाबा."

बाबांनी कागदाची घडी घातली. "माझे वडील मला खुर्चीत बसवून थरथरत्या हाताने माझी दाढी करायचे. कापलं तरी मी हूं की चूं केलं नाही."

"त्या खुर्चीत तुम्ही एकटे होतात, बाबा."

शाळा सुटायला तासच उरला होता. तिने किल्लीसाठी हात पुढे केला. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. तिने फोन केल्यावर शाळेने दुसरा ड्रायव्हर पाठवला.

तीन आठवडे बाबा तिच्याशी बोलले नाहीत. ती रोज फोन करायची आणि आई सांगायची, "जेवले. बसलेत." बाविसाव्या दिवशी मात्र आई म्हणाली, "विचारताहेत, नवा माणूस पुलाजवळच्या वळणावर हळू घेतो का?"

"घेतो म्हणावं," ती म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या वळणावर जाऊन बसची वाट बघत उभी राहिली.